भागलं

पहाटे साडेचार. कात्रज डेपो.
फळ्यावर एकशे अठरा गाड्या,
यार्डात फिरून मोजल्या तर चौऱ्याण्णव.
सहांना गॅस नाही. एकीला वायपर नाही,
पण आभाळ कोरडं दिसतंय, म्हणून ती धरली.
पासलकर आलेला नाही.
मुलीची दहावी आहे. तो सांगेल ताप,
मी ताप लिहीन.

पावणेपाचला ठरलेलं असावं लागतं
कोण जाणार, कोण नाही.
मंडईची सोडता येत नाही,
पाट्या घेऊन उभ्या बायकांचा आवाज
फोनशिवायही इथवर येतो.
हिंजवडीची सोडली तर सातला फोटोसकट तक्रार,
आठला साहेब.
ससूनची – ससूनची कशी सोडणार?
उरते कोळेवाडीची पाच पन्नास.
तिथून आजवर एकही पत्र आलेलं नाही.
लाल पेनानं रेघ मारते.
पट्टी लागत नाही आता, सरळ येते.

मागच्या महिन्यात मुख्य कार्यालयानं एक मुलगा पाठवला,
हृषीक, नम्र, पांढरेशुभ्र बूट.
चहाच्या डागावर लॅपटॉप ठेवून म्हणाला,
मॅडम, इतक्या गाड्या, इतके मार्ग,
शक्यता किती होतात, माहितीये?
आकडा पडद्यात मावेना.
सगळ्या तपासून सर्वांत चांगली निवडायची
तर मशीनलाही रात्र पुरायची नाही.
म्हटलं, मला पंधरा मिनिटं असतात,
त्यातली चार इनामदार फोरमनशी भांडण्यात जातात.
मग निवडता कसं?
भागवते, म्हटलं.
त्याची बोटं कीबोर्डवर थांबली.
ते त्यानं लिहिलं नाही.

आई महिनाअखेरीला म्हणायची, भागलं बाई.
रात्री पाय चेपत म्हणायची, भागले गं.
एकच शब्द. कधी कुठला, ते
तिच्या तोंडाकडे बघून कळायचं.
आणि शाळेत परचुरेबाई :
भाग गेला नाही पूर्ण, तर बाकी लिहा खाली,
लाजू नका.
मला वाटे, वरच्या इयत्तेत कुणी सांगेल
बाकीचं पुढं काय करायचं.
वरच्या इयत्तेत एक टिंब दिलं
आणि तिलाच पुन्हा भागायला लावलं.

मंगळवारी रजा टाकून स्कूटरनं गेले
कोळेवाडीच्या थांब्यावर.
पाच चाळीस. कुणी नाही.
शेडमध्ये जळण रचलेलं,
वेळापत्रकाच्या पाटीवर जावळाचा फ्लेक्स.
पाच पन्नास. पंचावन्न.
मग दुधाचा टेम्पो आला,
कॅनांच्या मधे सात माणसं,
नर्सिंगच्या पांढऱ्या ड्रेसवर शाल घेतलेली एक पोरगी,
मांडीवर डबा.
थांब्यापाशी टेम्पो सवयीनं हळू झाला.
पोरगी आत सरकली, जागा केली.
येताय का?
मी नुसती मान हलवली.

माझ्याच सहीचा रिपोर्ट आहे :
कोळेवाडी, प्रवासी प्रतिसाद अत्यल्प.
आकडे खोटे नाहीत.
न गेलेल्या गाडीत कोण बसणार होतं?

बुधवारी कोळेवाडी लावली.
तिच्यासाठी गुजरवाडीची काढली.
गुजरवाडीतूनही आजवर पत्र नाही.

साडेसातला तांबोळी कंडक्टर परत आला,
पैशाची बॅग टेबलावर ठेवली.
दोन तिकिटं, मॅडम.
आणि तो टेम्पोवाला विचारत होता,
उद्या पण येणार का?
म्हणजे त्यानं माणसांना काय सांगायचं?

मी लाल पेनाचं टोपण शोधत होते.
ड्रॉवरमध्ये नाही, रजिस्टरखाली नाही.
बघू, म्हटलं,
भागलं तर.